शाळा नंबर १ : कौलावरचं साल

९ मार्च २०२५

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. मुख्याध्यापिका बाईंनी निरोप धाडला होता, म्हणून गेलो. काम असं : उन्हाळ्याच्या सुट्टीत छप्पर उतरवून कुजलेल्या रिपा, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्या, बदलायच्या, आणि त्याआधी जुन्या इमारतीची मापं, फोटो आणि जमेल तेवढा इतिहास एका वहीत उतरवून ठेवायचा. "भाऊ, तुमची नोकरी बांधकामात गेली आणि शाळाही हीच. तुम्हीच करा." नाही म्हणायला कारण नव्हतं. रिटायर्ड माणसाला ते फार शोधावं लागतं.

अध्यक्षांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. मंगलोरी कौल, त्यावर उठलेली इंग्रजी अक्षरं आणि आकडा : १८६५. म्हणजे यंदा शाळेला १६० वर्षं झाली. समारंभ ठरला, पाहुणा ठरला, दर्शनी पट्टीवर 'स्थापना १८६५' रंगवायचं ठरलं. "साल मिळालंच आहे, बाकीचा मजकूर तेवढा तुम्ही लिहा." चहा घेतला आणि उठलो. त्या आकड्याबद्दल मनात काहीतरी खटकत होतं, पण काय ते तेव्हा सांगता आलं नाही.

१६ मार्च

मापं घेतली. टेप धरायला सातवीतली दोन मुलं. सध्या पट ३१, त्यामुळे सातवी म्हणजे हीच दोघं आणि एक मुलगी.

मधला हॉल ४२ फूट बाय १८. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, दोन फूट जाड. पूर्वेला पडवी, नंतर कधीतरी विटांनी बंद करून तिचं सामानघर केलेलं. पश्चिमेला दोन खोल्या जोडलेल्या. मागे स्लॅबचं स्वच्छतागृह, ते अगदी अलीकडचं, त्याच्यावर वेळ घालवला नाही.

हॉलच्या उत्तरेच्या कोपऱ्यात गिलावा सुटलाय. पेनाच्या टोकाने दोन चिऱ्यांमधली दर्ज खरवडली तर पांढरा चुना निघाला, त्यात शिंपल्याचे तुकडे, एकाची खरखरीत पाठ नखाला लागत होती. हा आपल्या किनाऱ्यावरचा भाजलेल्या शिंपल्यांचा चुना. पश्चिमेच्या खोल्यांत तीच दर्ज करडी, सिमेंटची. चिरेही वेगळे. हॉलचे हाताने तासलेले, दोन चिरे एका मापाचे सापडणार नाहीत. खोल्यांचे त्यामानाने सरळ. म्हणजे ही एक इमारत नाही, निदान तीन आहेत. आता 'स्थापना' नक्की कोणत्या भिंतीची?

२३ मार्च

खटकत होतं ते सापडलं. सकाळी गोठ्यात गेलो, सहज वर पाहिलं. एक कौल सरकलं होतं म्हणून काढून हातात घेतलं आणि उलटं केलं. 'बासेल मिशन टाइल वर्क्स', आणि खाली १८६५.

आमचा गोठा मी दुसरीत असताना वडिलांनी बांधला. बंदरावरचं एक गोदाम पाडलं होतं, तिथली जुनी कौलं बैलगाडीतून आणलेली मला आठवतात, कारण त्या गाडीवर बसायला मिळालं होतं. शाळा १८६५ची असेल तर आमचा गोठाही १८६५चा.

साल कारखान्याचं आहे. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने मंगळूरला नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. गेओर्ग प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याचं ते काम. तिथली माती बारीक, भट्टीला लाकूड मुबलक, आणि माल न्यायला समोर समुद्र. पुढे जो साचा चालला त्यात स्थापनेचं साल तसंच राहिलं, आपल्याकडे मिठाईच्या खोक्यावर असतं तसं. कौल पंचवीस वर्षांनी भाजलेलं असलं तरी त्याच्यावर १८६५च. मग ही कौलं पडावांतून, गलबतांतून कोकणातल्या प्रत्येक बंदरात उतरली. म्हणून इथे निम्मा गाव १८६५ सालचा आहे.

अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "पण भाऊ, पाहुण्यांना सांगून झालंय."

२९ मार्च

ऑफिसातलं लाकडी कपाट उघडलं. किल्ली सापडायलाच एक तास गेला. आत वाळवी होती, पण खालच्या कप्प्यात. वरच्या कप्प्यात जनरल रजिस्टरं शाबूत. २०२३च्या अखेरीपासून कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी रजिस्टरं बाहेर काढली गेली तेव्हा इथलीही काढली होती. त्यामुळे धूळ कमी, आणि पानांत कुणाकुणाच्या खुणेच्या चिठ्ठ्या.

सगळ्यांत जुना खंड मोडीत. मला मोडीतलं शून्य कळतं, ते पण पूर्ण भरवशाने नाही. गुरुजींना गाठलं. वय ८६, मला चौथीला होते. त्यांना शाळेतच मोडी होती. पुढे ती अभ्यासक्रमातून गेली आणि आता तालुक्यात वाचणारे हाताच्या बोटांवर. गुरुजींनी भिंग घेतलं आणि घडाघडा वाचायला लागले, मध्येच थांबून माझ्याकडे पाहून, "तू लिहितोयस ना रे?"

रकाने : नंबर, मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, कारण. कारणाच्या रकान्यात सारखं येतं ते 'मुंबईस गेला'. एका पानावर वरपासून खालपर्यंत नऊ वेळा. बोटीने गिरणगावात. दहा-बारा वर्षांची मुलं ही. ज्याने फायनल, म्हणजे मराठी शाळेची शेवटची परीक्षा, पास केली तो तलाठी नाहीतर मास्तर झाला, त्याच्यापुढे कारण 'फायनल पास' असं जरा मोठ्या अक्षरात. मास्तरलाही बरं वाटत असणार.

महत्त्वाचं : या खंडातला पहिला नंबर १ नाही. ६१२ आहे.

३० मार्च

गुढीपाडवा. शाळेत पाटीपूजन. मुलांनी पाटीवर सरस्वती काढली. एकीने पाटी नव्हती म्हणून टॅबवर काढली आणि त्याला हळदकुंकू लावलं. बाईंनी घाईघाईने पुसलं.

३१ मार्च

६१२चं गणित. खंड १८९०नंतरच्या काही वर्षांत सुरू होतो. त्यातली पहिली दहा वर्षं मोजली तर साल दरसाल सरासरी वीसच्या आसपास मुलं दाखल. त्याच दराने मागे गेलं तर ६१२ मुलांना तीस वर्षं. म्हणजे पहिला मुलगा १८६०नंतर लगेचचा. सुरुवातीला पट कमी असणार, मग आणखी मागे. आणि मध्ये कुणी नंबर पुन्हा एकपासून घातले असतील, तर त्याहूनही मागे. पुरावा म्हणून हे लंगडं आहे, पण काळाशी जुळतं. १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षण खातं झालं. १८६३पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसायला लागली, तिचा तिसरा हिस्सा शाळांना. गावोगाव मराठी शाळा निघाल्या त्या बहुतेक या आण्यावर. टिळकांचे वडील गंगाधरपंत याच काळात रत्नागिरीत मास्तर होते, १८६६ साली बढती होऊन पुण्याला गेले.

म्हणजे गंमत अशी की १८६५ शाळेच्या जन्माच्या फार लांब नसेलही. फक्त ते कौलावरून काढायचं नाही. आणि शाळा निघाली म्हणजे इमारत झाली असंही नाही. तेव्हाच्या शाळा देवळात, चावडीत, कुणाच्या भाड्याच्या ओटीवर भरत. गुरुजी म्हणतात, त्यांच्या आज्याची बिगारी, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, रामाच्या देवळात झाली होती.

जाताना गुरुजींनी औटकी म्हणून दाखवली. दोन औटं सात, तीन औटं साडेदहा, चार औटं चौदा. सातवीतली मुलगी ऐकत होती. तिला साडेतीनचा पाढा असतो हेच खरं वाटेना.

१४ एप्रिल

जयंती. वाडीत मुंबईहून सगळे आलेले. मला बोलावणं होतं. मिरवणूक निघायच्या आधी आबांशेजारी बसलो. वय सत्त्याऐंशी. शाळेच्या वहीचं बोललो तर म्हणाले, "पडवी मापलंस?" म्हटलं, मापली, ३६ बाय ७, सामानघर लिहिलंय.

"सामानघर खंयचा? माझो बापूस थंय बसायचो. तिसऱ्या खांबाकडे. मास्तर लांबसून बघायचो. पाटी जमनीवरसून फुडे सरकवची लागे."

मी काही बोललो नाही. नातू झेंडा घेऊन आला आणि आबा उठले.

१६ एप्रिल

आबांच्या वडिलांचं नाव रजिस्टरात सापडलं. दाखल, दुसरीत नाव काढलं, कारण 'मुंबईस गेला'. नाव काढल्याची तारीख वाचून गुरुजी थांबले. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला : सरकारी पैशाने चालणाऱ्या विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा अस्पृश्यांना मोकळ्या. पडवीतला हा मुलगा शाळेतून गेला तो या ठरावाला चार पावसाळे उलटल्यावर. त्याच सुमारास रत्नागिरीत सावरकरही शाळांतून मुलं सरमिसळ बसवा म्हणून मोहीम चालवत होते. इथे ती कधी पोचली ते रजिस्टर सांगत नाही. रजिस्टरात कोण कुठे बसायचा याचा रकाना नसतो.

नकाशावरचं 'सामानघर' खोडलं. 'पूर्व पडवी (मूळची उघडी, नंतर बंद)' असं लिहिलं, आणि तिसऱ्या खांबाला नंबर घातला : ख-३.

२ मे

काल निकाल लागला, शाळा सुटली. कपाटातलं सगळं बाईंच्या खोलीत हलवायचं ठरलं. जनरल रजिस्टरं हलवली. डेड स्टॉकची (शाळेच्या सामानाची) आणि इतर रजिस्टरं 'उद्या नेऊ' म्हणून राहिली. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

छपराची तारीख मी ठरवली. कोकणात पाऊस साधारण ७ जूनला. ६ मेला सुरू केलं तर पंचवीस दिवसांत पुरं, वर आठवडा हातात. समितीने विचारलं, नक्की ना? म्हटलं, पस्तीस वर्षं हेच केलंय.

८ मे

कौलं उतरवायला चार गडी, वर सुतारकाका. खाली रचताना छाप बघून वेगळी करतोय. हॉलवर दोन जाती. निम्म्याहून जास्त बासेल मिशनची. काही कॉमनवेल्थ ट्रस्टची. पहिल्या महायुद्धात मिशनच्या जर्मन माणसांना इंग्रजांनी स्थानबद्ध केलं आणि कारखाने काढून घेतले, ते पुढे या कंपनीकडे गेले. म्हणजे ही दुसरी कौलं युद्धानंतरची, दुरुस्तीत घातलेली. छपरावर जागतिक युद्ध आहे असं सुतारकाकांना सांगितलं. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं.

१० मे

आजचा दिवस वसूल.

रिपा काढल्यावर वासे उघडे पडले. सुतारकाकांनी हाक मारली, "हयसर बघा." वाशांच्या पाठीवर आताच्या रिपांच्या खिळ्यांची भोकं फूटभराच्या अंतरावर. पण त्यांच्या अधेमधे दुसऱ्या, जुन्या खुणा आहेत. भोकं नाहीत, काचल्यासारखे आडवे पट्टे, चार-चार बोटांवर. त्या जागी लाकूड काळपट आणि गुळगुळीत. काकांनी एका पट्ट्यातून नखाने धागा ओढून काढला. काथ्या.

म्हणजे मुळात पोफळीच्या रिपा होत्या, काथ्याने बांधलेल्या, आणि त्यावर कुंभाराचे नळे. नळे लहान, त्यांना रिपा जवळजवळ लागतात. मंगलोरी कौलं नंतर आली. हॉल कौलांपेक्षा जुना, हे आता लाकडावर लिहिलेलं आहे. वासे किंजळीचे, वाकसाने तासलेले, रंधा लागलेला नाही. पश्चिमेच्या खोल्यांच्या वाशांवर काथ्याच्या खुणा नाहीत. त्या पहिल्यापासून मंगलोरीच.

अध्यक्षांना फोटो पाठवला. उत्तर आलं : "छान. मग १८६५च्या आधीचं कुठलं साल लिहायचं?"

१३ मे

दक्षिणेच्या भिंतीतली भेग. गावात सगळे सांगतात, कोयनेच्या भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७, पहाटे. भूकंप इथेही जाणवला होता. फडताळावरची भांडी पडली, हे घरोघरी ऐकलंय. पण भेग बरोबर जुन्या पन्हळीखाली आहे आणि वर रुंद, खाली निमुळती. भिंतीत पाणी मुरून चिरा खचला की अशी भेग पडते. कोयनेने ती वाढवली असेल. वहीत दोन्ही लिहिलं. बाईंना कोयना जास्त आवडली, त्यांनी मुलांना तीच सांगायचं ठरवलंय.

१७ मे

ख-३चा पाय कुजलाय. सुतारकाकांचं म्हणणं, पूर्ण खांब काढा, नवा घालतो, दोन दिवसांत मोकळे. मी म्हटलं, दीड फूट कापा आणि खालून सागाचा तुकडा सांध्यात बसवा. "त्यात काय सोनां आसा?" विचारलं त्यांनी. आबांनी सांगितलेलं सांगितलं. काका थोडा वेळ खांबाकडे बघत राहिले, मग म्हणाले, चार दिवस लागतील आणि मजुरी तीच घेईन.

हॉलच्या नव्या रिपा अर्ध्या ठोकून झाल्या. अर्धा हॉल अजून उघडा.

२१ मे

काल संध्याकाळपासून पाऊस. वळीव नव्हे, धो धो. अरबी समुद्रात आपल्याच किनाऱ्यासमोर कमी दाबाचा पट्टा. ताडपत्री दोन होत्या, एक रात्री उडून पिंपळात अडकली. रात्री अकरा वाजता मी, सुतारकाका, बाईंचे मिस्टर आणि सातवीतल्या मुलाचे वडील, चौघे कंदिलासारखे टॉर्च धरून. वीज गेलेली.

हॉलमध्ये घोटाभर पाणी. ऑफिसवरचं छप्पर हॉलला लागूनच, तिथून कपाटावर धार. 'उद्या नेऊ' म्हटलेली रजिस्टरं भिजली.

२२ मे

नऊ रजिस्टरं भिजली. बाईंच्या स्वयंपाकघरात दोऱ्या बांधून, पानापानांत वर्तमानपत्र घालून, पंख्याखाली. १९७०नंतरची निळी शाई पूर्ण फुटली. पान म्हणजे आकाश. त्यातच जुन्या खंडातलं एक सुटं पान होतं, खूण म्हणून कुणीतरी घातलेलं, मोडीतलं. त्याची काळी शाई जशीच्या तशी. गुरुजींना दाखवलं. "काजळ आणि डिंक रे. आम्ही घरी करायचो." निळ्या शाईतलं पस्तीस वर्षांचं डेड स्टॉक गेलं : किती बाकं, किती घंटा, किती नकाशे. फोटो मी फक्त जनरल रजिस्टरांचे काढले होते. बाकीच्यांत काय असणार, असं वाटलं होतं.

समितीपुढे चूक माझी आहे असं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, पावसाची आहे. बाई काही म्हणाल्या नाहीत.

२५ मे

मान्सून आज कोकणात अधिकृतपणे दाखल. ७ जून, म्हणत होतो मी. मिळेल त्या उघडिपीत रिपा ठोकतोय. गडी वाढवले. मंगलोरी कौल ओलं झालं की जड होतं आणि शेवाळ्यावर पाय सरकतो, म्हणून कुणालाही घाई करू दिली नाही.

१ जून

शेवटचे कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, बसले. आढ्यावर चुना-सिमेंट मारून झालं.

आज गावातल्या पिकलेल्या केसांच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस. मास्तर पट भरताना ज्याची तारीख घरच्यांना सांगता येत नसे त्याला १ जून देत. सुतारकाकांचाही आजच. त्यांची आई म्हणायची, नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री झालास. छपरावर चढून मुलांनी त्यांना फोनवरून गाणं ऐकवलं. ते म्हणाले, खाली उतरा, कौल फुटेल.

१० जून

आबांना रिक्षाने आणलं. पडवीच्या विटा काढायला मंजुरी लागेल, त्यामुळे ती अजून बंदच. दारातून आत नेलं. त्यांनी ख-३वर हात फिरवला, जुन्या लाकडावरून खाली नव्यावर. सांध्यापाशी बोट थांबलं. "ह्यां नवीन?" हो म्हटलं. मग जमिनीकडे बघून म्हणाले, तेव्हा इथे शेणाची जमीन होती, आणि बसायला घरून गोणपाट आणावं लागे. दहा मिनिटं थांबले. पाणी विचारलं तर बाईंच्या हातचा चहाच हवा म्हणाले.

वहीत नकाशाखाली त्यांनी सांगितलेलं मालवणीतच उतरवलं. गुरुजींनी विचारलं, प्रमाण मराठीत नको? नको म्हटलं.

१५ जून

उद्या शाळा. पेंटर सकाळी आला. समितीत तासभर वाद. मी तीन ओळी देत होतो : शाळा बहुधा १८६०च्या दशकातली, हॉल मंगलोरी कौलांच्या आधीचा, खोल्या नंतरच्या. पेंटर म्हणाला, पट्टी चौदा फुटांची आहे, एवढं मावणार नाही. अध्यक्षांनी १८६५ला शेवटचा जोर लावला. पेंटरने तोवर 'स्थापना : सन' एवढं लिहून टाकलं आणि जेवायला गेला.

दुपारी आल्यावर त्याला ते पुसायला सांगितलं. आता फक्त 'जिल्हा परिषद पूर्ण प्राथमिक शाळा नं. १' आहे, आणि उजवीकडे दीड फूट जागा रिकामी, किंचित पिवळी. पाहुण्याला तारीख पुढे ढकलल्याचं कळवलं. फुटलेलं एक १८६५चं कौल बाईंनी टेबलावर ठेवलंय, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून.

बाकी कामं : पश्चिमेची पन्हळ, पिंपळातली ताडपत्री, रजिस्टरांच्या फोटोंच्या दोन प्रती (एक गुरुजींकडे, एक बाईंकडे), पडवीच्या मंजुरीचा अर्ज. सुतारकाकांची मजुरी दिली. शिडी परत करायची आहे.